मस्टरवरचा अंगठा

येरवड्याला राहते म्हटलं की समोरचा माणूस हसतोच. तुरुंगातून सुटलात की वेड्यांच्या इस्पितळातून, हा विनोद मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे आणि अजून कुणाला तो शिळा वाटलेला नाही. आमच्या लक्ष्मीनगरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मात्र विचारलं, की तुम्ही इथं कधी आलात, तर निम्मे तरी म्हणायचे, ‘बहात्तरला.’ का आलात विचारलं तरी उत्तर तेच, ‘बहात्तर.’ कुणी बीडकडचं, कुणी जामखेडचं, कुणी पार गुलबर्ग्याकडचं. आम्ही करमाळ्याचे.

आमचं गाव सीनेच्या काठी. नदीकाठ म्हटला की पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हिरवंगार काहीतरी येतं. तेव्हाची सीना तशी नव्हती. पावसाळा सरला की वाळूत झिरा खणायचा, वाटीवाटीनं पाणी उपसायचं आणि घागर भरेपर्यंत दोन घरच्या बायकांची भांडणं व्हायची, असं बाई सांगायची. बाई म्हणजे माझी आजी. आमच्याकडे आजीला बाई आणि आजोबांना तात्या म्हणायची पद्धत. सत्तर सालापासूनच पावसानं हात आखडता घेतला होता, बहात्तरला तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. मालदांडी ज्वारीचा मुलूख आमचा, पण त्या साली पेवाच्या तळाशी नुसती माती निघाली.

मग लोकांनी काय खाल्लं, हा बाईचा आवडता विषय. म्हणजे आवडता कसा म्हणायचा, पण ती त्यावर तासभर बोलू शकायची. तरवट्याचा पाला, पाथरी, चिघळ. हुलग्याचं माडगं, तेही पातळ, भांड्याचा तळ दिसेल असं. बरबड्याचं बी झोडपून, पाखडून, दळून त्याच्या भाकरी. ‘त्या भाकरीला चव इचारू नगं,’ एवढंच ती म्हणायची. मग रेशनवर मिलो आली. अमेरिकेतून आलेली लालभडक ज्वारी. भाकरी थापायला घेतली की फाटायची, तव्यावर टाकली की उग्र वास सुटायचा. तात्यांचं म्हणणं, तिकडं ती डुकरांना घालतात. असेलही. पण बाईनं तात्यांच्या ताटात ती रोज वाढली आणि तात्यांनी ती रोज खाल्ली.

मिलोबरोबरच गाजर गवताचं बी आलं, असं आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे शपथेवर सांगायचे. पुढं कधीतरी वाचनात आलं की ते गवत पुण्यात १९५०च्या दशकातच दिसलं होतं, नि अमेरिकेच्या धान्यातून आलं असावं हा कयासही तेव्हापासूनचाच. म्हणजे म्हाताऱ्यांची चूक झाली तर सालाची. त्यांच्या गोष्टींत सगळ्या वाईट गोष्टी बहात्तरलाच घडलेल्या असतात.

सरकारी मदत म्हणून त्या वर्षी आमच्या घरात जे आलं, ते पैशाच्या रूपात आलं नाही. ते कामाच्या रूपात आलं. गावाबाहेर खडी फोडायची, आणि चार-पाच मैलांवर पाझर तलावाची माती उचलायची. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती, हा आकडा मी मोठेपणी वाचला. बाईला आकडा ठाऊक नव्हता. ‘सगळं गावच कामावर व्हतं,’ ती म्हणायची, ‘पाटलाच्या सुना बी घमेलं उचलत व्हत्या. तोंडावर पदर घेऊन.’ या शेवटच्या तपशिलाला ती दरवेळी थोडी थांबायची. तिला त्यात दुःख वाटायचं की बरं वाटायचं, ते मला कधी कळलं नाही.

कामाचं माप कसं घ्यायचे, हे तिनं मला अंगणात काडीनं खड्डा काढून दाखवलं होतं. माती खणताना खड्ड्याच्या मधोमध एक मातीचा खुंट तसाच उभा ठेवायचा. आठवड्याच्या शेवटी साहेब यायचा, टेप लावून त्या खुंटाची उंची मोजायचा, त्यावरून किती खोल खणलं ते ठरायचं आणि टोळीची मजुरी निघायची. आता रात्री कुणी त्या खुंटाच्या डोक्यावर वीतभर माती थापून, वर जुनं गवत लावून ठेवलं, तर खड्डा आपोआप वीतभर खोल व्हायचा. हे कोण करायचं? ‘करायचं कुनीतरी,’ बाई म्हणायची आणि तात्यांकडं बघायची. तात्या चुना मळत बसायचे. साहेबालाही ते कळायचं. तो खुंटाला बुटाची टोच मारायचा, वरची टोपी गळून पडायची, आणि मग तो स्वतः टेप इतकी तिरकी धरायचा की हिशेब दोन्ही बाजूंनी फिटायचा.

मजुरीचा दर किती होता यावर दोघांचं कधी जमलं नाही. तात्या म्हणायचे तीन रुपये. बाई म्हणायची, दोनाच्या वर कधी हातात पडले नाहीत, तुमचे तीन मधल्यामधी कुठं गेले ते तुम्हालाच ठावं. पगार उशिरा व्हायचा हे मात्र दोघांना मान्य. पगाराच्या दिवशी मुकादम मस्टर उघडून बसायचा, नाव पुकारायचा, बाई पुढं व्हायची. शाईच्या डबीत अंगठा, मग कागदावर. आणि पैसे तिच्या हातात. तात्यांच्या नाही, तिच्या. चाळिशीच्या आसपासची बाई, चार लेकरं झालेली, जन्मभर शेतात राबलेली, आणि स्वतःच्या नावानं मोजून घेतलेला पैसा तो पहिला. तो तिनं कनवटीला मारला आणि घरी येईपर्यंत दोनदा चाचपून बघितला. त्यातून तिनं करमाळ्याच्या बाजारातून एक जर्मनचं पातेलं आणलं. दुष्काळात, पोटाला नाही तिथं पातेलं! तात्या चिडले. पातेलं अजून आमच्या येरवड्याच्या घरात आहे. बुड काळं झालंय, पण दूध त्यातच तापतं.

माझी आई तेव्हा नवी सून. मला झोळीत घालून ती कामावर न्यायची. झोळी बाभळीला बांधलेली असायची. दुपारी सुकडी मिळायची, गोडसर, कोरडी. तिची चव मला आठवते असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे. पण दोन-अडीच वर्षांच्या पोरीला काय आठवणार! आईनं इतक्यांदा सांगितलं की ती चव माझ्याही जिभेवर आली असावी.

याच कामांतून पुढं रोजगार हमी आली. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, आमच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातले. काम मागेल त्याला काम, हा त्यांचा आग्रह. १९७७मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. त्यासाठी पैसा हवा म्हणून शहरातल्या नोकरदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला. माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात ते हेच. कार्यालयात कपातीचा हा कागद बघून कुणी कुरकुरलं की मला मनातून जरा गंमत वाटते. माझ्या बाईनं माती वाहिली आणि तिची नात त्याची पट्टी भरते आहे, असं काहीतरी.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. पण तोवर तात्या नि दादा, म्हणजे माझे वडील, जेऊरला पॅसेंजरमध्ये बसून पुण्याला पोचले होते. खडी फोडायची सवय हाताला लागलेली, आणि येरवड्याच्या बाजूला तेव्हा दगडाच्या खाणी. वडार लोकांची वस्ती जवळच, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तात्यांना दगडाची शीर कशी बघायची ते शिकवलं. पुणं वाढत होतं, दगड लागत होता. गावाकडं जमीन धाकट्या आजोबांनी कसायला घेतली. आम्ही शिवारातून उठलो, पण उताऱ्यावर राहिलो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

येरवड्याच्या जुन्या गावठाणातले एक आजोबा तात्यांकडे संध्याकाळी पान खायला यायचे. इथले मूळचे, आमच्यासारखे आलेले नव्हेत. ते आगाखान पॅलेसची गोष्ट सांगायचे, पण पॅलेस म्हणायचे नाहीत, ‘आगाखानाचा वाडा’ म्हणायचे. आपण ते ठिकाण ओळखतो गांधीजींच्या स्थानबद्धतेमुळे, महादेवभाई आणि कस्तुरबा तिथं गेले त्यामुळे. आजोबांच्या लेखी ती सगळी अलीकडची हकिकत. मूळ गोष्ट अशी, की आसपासच्या गावांत दुष्काळानं लोकांचे हाल चाललेले, म्हणून आगाखानानं त्यांना काम मिळावं यासाठी १८९२मध्ये हा वाडा बांधला. त्यांच्या आज्यानं तिथं दगड वाहिला होता. आज्याला मजुरी किती होती विचारलं तर ते म्हणायचे, ‘पोटापुरती.’ ते ऐकून तात्या म्हणाले होते, ‘राजानं वाडा बांधावा, गरिबानं दगड व्हावा. ही बी रोजगार हमीच की!’ आणि दोघं खोकत खोकत हसले होते.

या प्रदेशात दुष्काळ आला की दगड-मातीचं काम निघायचं, ही रीत त्याहूनही जुनी. १८७६च्या दुष्काळात नीरेच्या कालव्याचं काम असंच काढलं होतं. त्या दुष्काळातली मजुरी ठरवताना सर रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबानं माणसाला रोज एक पौंड धान्य पुरे, असा हिशेब बसवला, आणि हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसानं संप करावा! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. वीस वर्षांनी, १८९६-९७च्या दुष्काळात, टिळकांनी आणि सभेनं आणखी एक युक्ती केली. सरकारचाच दुष्काळी कायदा मराठीत छापून गावोगाव वाटला. पीक बुडालं असेल तर सारा माफ होतो किंवा तहकूब होतो, असं सरकारच्याच पुस्तकात आहे, तेव्हा घाबरून भांडी विकून सारा भरू नका, एवढाच त्याचा मतलब. सरकारला ते इतकं झोंबलं की सभेची मान्यताच काढून घेतली. कागद सरकारचाच, पण तो शेतकऱ्यानं वाचलेला चालला नाही.

आमच्या घरात एवढं कुणी वाचलेलं नव्हतं. आमच्याकडे तगाई होती. तात्यांच्या वडलांनी विहिरीसाठी तगाई उचलली, विहिरीला पाणी लागलं नाही, आणि हप्ते मात्र लागले. ते कुठल्या साली, यावर घरात तीन मतं आहेत. वसुलीला माणूस आला तेव्हा पणजीनं हंडा-कळशी शेजारणीच्या चुलीमागं लपवली, यावर मात्र एकमत आहे. तगाई देणारं सरकार आणि हंडा उचलायला येणारं सरकार एकच, हे त्या पिढीला पक्कं माहीत होतं. म्हणून पुढं सरकारनं फुकट काही दिलं तरी तात्या आधी विचारायचे, ‘परत कधी मागणार?’

त्यांच्या तोंडी आणखी एक शब्द सतत असायचा, आणेवारी. रुपयात किती आणे पीक आलं याचा अंदाज. पुढं पैसे आले तशी पैसेवारी झाली. गावातली काही शेतं निवडायची, दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं, आणि नेहमीच्या पिकाशी ताडून बघायचं. तेव्हा पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ. मग साऱ्यात सूट, कर्जाचे हप्ते पुढं ढकलणं, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. एक्कावन्न आली तर पीकपाणी बरं. माझ्या चुलत भावाची दहावीची फी एका वर्षी माफ झाली आणि नदीपलीकडच्या गावातल्या त्याच्या मित्राला ती भरावी लागली. दोघांच्याही शेतात सारखंच, काहीच पिकलं नव्हतं. तात्या म्हणाले, ‘त्यांच्याकडं तुकडा बरा निवडला नसंल.’

आता ज्या गावात झिरा खणून पाणी काढलं, त्याच गावात २०२५च्या सप्टेंबरात सीना घरात शिरली. करमाळा, माढा, मोहोळ, पलीकडे परांडा, सगळा पट्टा पाण्याखाली. उडीद शेतातच कुजला, तूर आडवी झाली, आणि नदीलगतच्या आमच्या तुकड्यावरची माती खरवडून गेली. वहिनीनं व्हिडिओ कॉल करून दाखवलं. वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. भाऊ करोनात गेला, तेव्हापासून शेत तीच करते. ती फोन शेतावरून फिरवत होती आणि मला नुसता चिखल दिसत होता. तिला मात्र बांध कुठं होता, चिंच कुठं होती, पाइप कुठं पुरला होता, सगळं दिसत होतं. ‘हितं बगा ताई, हितं मोटर व्हती.’

भाऊसाहेब पंचनाम्याला आले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण वहिनीच्या लेखी ते भाऊसाहेबच. बरोबर कृषी खात्याचा माणूस आणि ग्रामसेवक. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, हंगामी बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वर हेक्टरी १०,०००, तीन हेक्टरांपर्यंत. आकडे ऐकायला मोठे वाटतात. एकरी काढले की निम्म्याहून कमी होतात, आणि उताऱ्यावरच्या नावांनी भागले की काय उरतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

इथंच आमची गोम. उताऱ्यावर दादांच्या मागं वारस म्हणून आई, माझा भाऊ आणि मी. यादी लागली, त्यात आमची नावं, प्रत्येकापुढं विशिष्ट क्रमांक. ज्यांनी शेतकरी ओळख क्रमांक काढलेला त्यांना केवायसीची कटकट नव्हती, पण आम्ही पुणेकर, आम्ही कशाला काढतोय! म्हणून आम्ही येरवड्यातल्याच एका सेवा केंद्रात गेलो. पुढं रेशनकार्डाची रांग, मागं लाडक्या बहिणींची. आईची पाळी आली. काचेवर अंगठा ठेवला, मशीन लाल. पुन्हा ठेवला, लाल. त्या पोरानं ओलं फडकं दिलं, बोट पुसायला लावलं, दुसरं बोट, तिसरं बोट. खडी फोडलेल्या, पुढं पंचवीस वर्षं बांधकामावर सिमेंट कालवलेल्या हाताला रेषा उरल्याच नव्हत्या. ‘शाई असती तर उठला असता,’ आई म्हणाली. शेवटी डोळ्यांच्या मशीनवर तिची ओळख पटली. पोरगा चांगला होता, त्यानं तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

पैसे आले. माझ्या वाट्याचे पाच आकडी नव्हते, आणि ज्या बँकेत ते आले तिथं आईच्या खात्याला जुन्या कसल्याशा कारणानं होल्ड लागलेला निघाला, तो सुटायला महिना गेला. तेवढ्यात रब्बीची पेरणी उलटत होती. बियाणं वहिनीनं उसनवार करून आणलं.

मला राहून राहून वाटतं ते असं. बहात्तरची मदत लबाडीची होती, उशिराची होती, मिलोच्या वासाची होती, पण ती ज्याचे हात मातीत होते त्याच्या हातात पडली, मग तो जमीनवाला असो की भूमिहीन, बाप्या असो की बाई. आजची हेक्टरी मदत शाईच्या डागाशिवाय सरळ खात्यात येते, आणि येते उताऱ्यावरच्या नावाला. नाव पुण्यात असेल तर पुण्यात. वहिनीच्या शेतावर उडीद काढायला येणाऱ्या दोन बायकांची त्या पंधरवड्याची सगळी मजुरी वाहून गेली, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. बटईनं करणाऱ्याचं नाही. सुधारायचं असेल तर सरकारनं इथं सुधारावं. पण ते होईल तेव्हा होईल.

आपल्या हातात असलेली गोष्ट लहान आहे. सामायिक खातेदारांपैकी एकाच्या खात्यावर मदत जमा व्हावी यासाठी बाकीच्यांनी संमतीपत्र द्यायचं असतं. शहरातले भाऊबंद ते देत नाहीत, किंवा रजा मिळत नाही म्हणून जात नाहीत, आणि सगळ्यांचीच रक्कम अडकून पडते. आम्ही तिघांनी त्या दिवाळीनंतर गावी जाऊन ते वहिनीच्या नावानं करून दिलं आणि मिळालेले पैसे तिच्याकडे वळते केले. तुमचंही नाव गावाकडच्या एखाद्या उताऱ्यावर नुसतंच असेल, आणि नांगर दुसऱ्या कुणाच्या हातात असेल, तर आधार कार्ड घ्या आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत एकदा तलाठी कार्यालयात जाऊन या.